एमपीसी की ३७ घेऊ का ६१? दुकानात तासभर मिळणार असेल तर काय वाजवून बघायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू कणकवलीच्या बाजूला ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोस, शिवाय डबलबारीवाल्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) बुवांना आणि गणपतीच्या गाण्यांना ट्रॅक करून देतोस, घरी लॅपटॉप आणि एक साधा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, कॉम्प्युटरला लावून वाजवायचा) आहे, लॅपटॉप मध्येच अडकतो म्हणून वैतागलायस, आणि आता पॅड आणि कीज दोन्ही असलेली, कॉम्प्युटरशिवाय चालणारी अकाईची एमपीसी की घ्यायचं डोक्यात आहे. मुंबईला दुकानात वाजवून बघायला जाणार, तासभर मिळेल, तर काय बघू, ३७ का ६१, आतमध्ये आपले इंडियन टोन आहेत का, आणि लॅपटॉप विकून टाकू का.

लॅपटॉप विकू नकोस, हे पहिलं सांगतो. मशीन आली तरी सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, साफ करायला, बॅकअप ठेवायला, गायकाला फाईल पाठवायला तो लागतोच, आणि एमपीसीचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर तोच प्रोजेक्ट उघडतं. विकायचंच असेल तर तो मिडी कीबोर्ड विक, कारण एमपीसी की यूएसबीने लॅपटॉपला लावली की ती स्वतःच कंट्रोलर होते, पॅड पण आणि कीज पण.

आता ही वस्तू नक्की काय आहे ते समजून घे, कारण ऑर्केस्ट्रावाल्या पोरांची इथेच गडबड होते, कीबोर्डसारखी दिसते म्हणून कीबोर्ड समजून घेतात. अकाईने ड्रम मशीनवाल्या रॉजर लिनबरोबर १९८८ साली एमपीसी ६० काढली, सोळा पॅडचा चार बाय चार चौकोन तेव्हापासून तोच आहे. मधे काही वर्षं कॉम्प्युटरला लावून चालवायच्या एमपीसी आल्या, मग २०१७ ला टचस्क्रीनवाल्या लाइव्ह आणि एक्स आल्या आणि पुन्हा सगळं मशीनच्या आतच व्हायला लागलं, त्याच कुटुंबाला २०२२ मध्ये पियानोच्या पट्ट्या जोडल्या ती की ६१, आणि २०२३ मध्ये छोटी की ३७. म्हणजे मुळात हा सॅम्पलर (आवाज रेकॉर्ड करून पॅडवर किंवा कीजवर वाजवणारा) आणि सिक्वेन्सर (वाजवलेले तुकडे, म्हणजे सिक्वेन्स, लक्षात ठेवून परत वाजवणारा) आहे. अरेंजर नाही. डाव्या हाताने कॉर्ड धरला की मागे बेस गिटार रिदम आपोआप फिरतंय, एक बटण दाबलं की फिल, दुसरं दाबलं की एंडिंग, हे यात शोधू नकोस, ते नाहीच. स्टेजवर गायिका आयत्या वेळी म्हणाली काळी दोन नको पांढरी दोन घ्या, तर तुझ्या अरेंजरवर ट्रान्सपोज एकदा दाबलं की काम झालं, इथे कीज ट्रान्सपोज होतील पण मागचा ट्रॅक ऑडिओत असेल तर त्याचा पिच वेगळा फिरवावा लागेल, आणि तो फिरवताना ढोलकी पण खाली गेली तर ती ढोलकी राहत नाही. तेव्हा स्टेजवरचा तुझा आत्ताचा कीबोर्ड तसाच राहू दे. एमपीसी ट्रॅक बनवायला, आणि स्टेजवर फार तर बनवलेले तुकडे पॅडवर वाजवायला.

दुकानात गेलास की दुकानदार आधी डेमो लावणार. तो जोरात वाजेल, बेस छातीत बसेल, आणि तुला वाटेल आपलं पण असंच वाजणार. ते डेमो त्यांच्या माणसांनी बसून बनवलेले असतात, त्यावरून तुझ्या कामाचं काही कळत नाही. मी तर म्हणेन आतले आवाज त्या तासात ऐकूच नकोस, ते तुला यूट्यूबवर घरबसल्या ऐकायला मिळतात. दुकानात जे फक्त हाताला कळतं तेच बघ.

जाताना पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचे आवाज घेऊन जा. ढोलकीचे सुटे ठोके, धूम, चाट, खुला, बंद, पखवाजाचा डावा, टाळ, झांज, जे असेल ते, वेव्ह फाईल, ४४.१ किलोहर्ट्झवर, कारण मशीन आतून ४४.१ वरच चालतं. आणि स्वतःचे हेडफोन ने, दुकानातल्या स्पीकरवर आणि त्या गोंगाटात काही समजत नाही. मग दुकानदाराला सांग नवीन रिकामा प्रोजेक्ट उघडून दे, आणि तिथून पुढे तू एकट्याने एक पूर्ण ठेका बनव, सॅम्पल पॅडवर टाकण्यापासून सेव्ह करून बंद करून परत उघडेपर्यंत. अडलास तर विचार, पण हात तुझाच राहू दे. या एका गोष्टीत तुला पाहिजे ती सगळी उत्तरं आहेत.

पॅडकडे जास्त वेळ दे. आधी फुल लेव्हल नावाचं बटण चालू आहे का बघ, दुकानातल्या मशीनवर कुणीतरी ते दाबून ठेवलेलं असतं आणि मग हळू मारा की जोरात मारा आवाज एकसारखाच येतो, लोक म्हणतात पॅडला एक्स्प्रेशन नाही. ते बंद कर. मग तबल्यावर मारतोस तशी बोटं वापर, एकच ठोका अगदी हळूपासून जोरात नेत बघ, किनार्‍यावर लागला तर येतो का, दोन बोटांनी पटापट मारलं तर एखादा ठोका गळतो का. सेटिंगमध्ये पॅडचं सेन्सिटिव्हिटी आणि व्हेलॉसिटी कर्व्ह असतं, ते बदलून बघ, ऑक्टापॅडवाल्यांचा हात जड असतो त्यांना वेगळं लागतं आणि पेटी-तबलावाल्यांना वेगळं. आणि ऑक्टापॅडची सवय म्हणून यावर काठी मारू नकोस बाबा, हे रबरी पॅड बोटांसाठी आहेत.

टाळ आणि झांज पॅडवर टाकलीस की एक गोष्ट मुद्दाम कर. खुली झांज एका पॅडवर, दाबलेली दुसर्‍यावर, आणि दोन्ही एकाच म्यूट ग्रुपमध्ये घाल, म्हणजे दाबलेली मारली की खुलीची शेपटी कापली जाते, खर्‍या हातात होतं तसं. ढोलकीच्या खुल्या आणि बंद ठोक्यालाही तेच. हे केलं नाही तर सगळे ठोके एकावर एक चढून नुसता चिखल होतो, आणि ऐकणारा म्हणतो मशीनचा आवाज आहे. तसंच प्रत्येक पॅडला वन शॉट ठेवायचं की नोट ऑन ते बघ, वन शॉटमध्ये बोट उचललं तरी आवाज शेवटपर्यंत जातो, नोट ऑनमध्ये बोट असेपर्यंतच. पखवाजाच्या धुमला मी वन शॉट ठेवतो.

आता टायमिंग. इथे आपल्या माणसाने जरा जास्तच लक्ष द्यायला पाहिजे. एमपीसीत टायमिंग करेक्ट म्हणजे टीसी असतं, आणि ते बहुतेक वेळा चालूच असतं, तू वाजवत असतानाच ती तुझा ठोका सोळाव्या भागावर ओढून बसवते. हिपहॉपवाल्यांना ते हवंच असतं. आपल्या ढोलकीत लग्गी लागली की जो ठोका थोडा मागे रेलतो तो रेलणंच मजा आहे, टीसीने तो सरळ केला की नाचणारा माणूस उभा राहतो. म्हणून रेकॉर्ड करताना टीसी ऑफ. नंतर ऐकून कुठे फारच लंगडं वाटलं तर तेवढंच सुधार, आणि तेही स्ट्रेंग्थ कमी ठेवून, शंभर टक्के नाही. स्विंग पन्नासपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत जातो, पन्नास म्हणजे सरळ आणि सहासष्टच्या आसपास बरोबर तिप्पटीचा झोल. पण दादर्‍याला चार चारमध्ये स्विंग लावून जुळवत बसू नकोस, सिक्वेन्सचं टाइम सिग्नेचरच सहा आठ कर, रूपकाला सात कर, मशीन मुकाट घेते. केहरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचा, तो चार चारमध्येच बसतो.

बुवांच्या गजरात लय चढत जाते, हे मात्र मशीनला आपोआप समजत नाही. क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) बांधलेला ट्रॅक एकाच लयीत जाणार आणि बुवा पुढे निघून जाणार. यावर दोन मार्ग आहेत, एक म्हणजे प्रत्येक सिक्वेन्सला स्वतःचा टेम्पो देऊन पायर्‍यापायर्‍यांनी लय वाढवायची, रेकॉर्डिंगसाठी हे बरं चालतं, फक्त पायरी मोठी ठेवू नकोस, दोन-तीन बीपीएमने चढव. दुसरा म्हणजे सिक्वेन्सर थांबवून ठेका हाताने पॅडवर वाजवायचा. लाइव्ह असेल तर दुसराच. उलट कुणी जाखडीच्या (कोकणातल्या लोकनाचाच्या) किंवा गजराच्या जुन्या रेकॉर्डिंगवरचा ठेका कापून लूप करायचा म्हणत असेल तर त्यात लय स्थिर नसतेच, वार्प लावून ताणावं लागतं, आणि फार ताणलं की ढोलकीच्या चाटीचा कडा जातो. त्यापेक्षा ढोलकीवाल्याला बोलावून क्लिकवर चार आवर्तनं वाजवून घेतलेली कधीही बरी, त्यालाही दोन पैसे मिळतात.

इंडियन टोनबद्दल विचारलंस. आत जे येतं ते मुख्यतः पाश्चात्य कामासाठीचं आहे. की ६१ मध्ये स्टेज पियानो, स्टुडिओ स्ट्रिंग्ज, एफएमवाला ओपीएक्स-४ वगैरे चांगले आहेत, स्ट्रिंग्ज तर गणपतीच्या गाण्यामागे मस्त बसतात. पण सनई, बेंजो, बासरी, आपली पेटी, हे रोलँड एक्सपीएस-१० किंवा यामाहाच्या आय सिरीजमध्ये जसे तयार मिळतात तसे इथे धरू नकोस. पण यात ऑटो सॅम्पलर आहे, आणि माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्या मशीनमधलं सगळ्यात कामाचं फीचर हेच. तुझा जुना कीबोर्ड मिडी केबलने आणि ऑडिओ केबलने एमपीसीला जोडायचा, कुठल्या सुरापासून कुठल्या सुरापर्यंत, किती सुरांच्या अंतराने, किती जोरात आणि किती लांब ते सांगायचं, आणि चहा प्यायला जायचं, ती एकेक सूर स्वतः वाजवून स्वतः रेकॉर्ड करून कीग्रुप प्रोग्रॅम, म्हणजे सगळ्या कीजवर वाजवता येणारा टोन, बनवून ठेवते. अंतर तीन सुरांपेक्षा जास्त ठेवू नकोस, सनईसारखा आवाज चार-पाच सूर ओढला की लगेच खोटा वाटायला लागतो. बेंजो कीबोर्डचा न घेता खर्‍या बेंजोवाल्याकडून हाताने सॅम्पल घे, तारेचा तो खणका कुठल्याच कीबोर्डमध्ये नीट नाही. आणि पेटी सॅम्पल करण्याआधी ट्यूनरवर बघ, गावातल्या भजनी मंडळांच्या पेट्या कितीतरी वेळा ४४० हर्ट्झला (वाद्यं जुळवायच्या ठरलेल्या सुराला) नसतात, मग मागे स्ट्रिंग्ज लावल्या की कुणाचं काय चुकतंय कळत नाही. सॅम्पल सेंटमध्ये (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वरखाली करता येतो, तो आधीच सरळ करून ठेव.

३७ का ६१ हा प्रश्न लोक कीजच्या संख्येवर सोडवतात, मी आधी मागची बाजू बघायला सांगेन. की ६१ ला माइकचे इनपुट आहेत, फँटम पॉवरसकट (कंडेन्सर माइकला लागणारी वीज), म्हणजे कंडेन्सर माइक थेट लावून ढोलकी रेकॉर्ड होते. की ३७ ला फक्त लाइन इनपुट आहे, माइक थेट लागत नाही. पण तुमच्या ऑर्केस्ट्राकडे मिक्सर असेलच ना, माइक मिक्सरला आणि मिक्सरचा आउट ३७ ला, झालं काम, लेव्हल तेवढी जपून. रॅम ६१ ला ४ जीबी, ३७ ला २ जीबी. सॅम्पलच्या कामाला २ जीबी वाईट नाही, स्टिरिओ ऑडिओ ४४.१ वर सोळा बिटमध्ये मिनिटाला साधारण १० एमबी होतो, मग हिशोब तूच कर. दम लागतो तो प्लगिन सिंथ (मशीनच्या आतले सॉफ्टवेअरचे सिंथ) एकावर एक लावले की, तेव्हा एखादा ट्रॅक ऑडिओत बाउन्स, म्हणजे रेकॉर्ड, करून प्लगिन काढून टाकायचा, ही सवय दोन्ही मशीनवर लावून घ्यावीच लागते. आतलं स्टोरेज दोन्हीकडे ३२ जीबी, त्यातला चांगला भाग कंपनीच्या आवाजांनीच भरलेला असतो, तेव्हा स्वतःचं सगळं पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या ड्राइव्हवर.

कीज म्हणशील तर ६१ च्या सेमी वेटेड आहेत, ३७ च्या सिंथसारख्या हलक्या, आफ्टरटच (की दाबून धरल्यावर आणखी जोर दिला की आवाज बदलतो) दोघांना. ३७ म्हणजे तीन सप्तकं. आपल्या पेटीलाही तीन-साडेतीनच असतात, त्यामुळे पेटीवरून आलेल्या माणसाचा उजवा हात तिथे अडत नाही, बेस वेगळा वाजवून घेतला, स्ट्रिंग्ज वेगळ्या, काही बिघडत नाही. दोन्ही हातांनी पियानो वाजवणारा असशील तर ३७ वर पहिल्या दिवशीच चिडशील. दुकानात एक हात पॅडवर एक हात कीजवर ठेवून वाजवून बघ, तुझा कुठला हात पॅडवर जातो, स्क्रीनला हात लावताना दुसरं काही दाबलं जातं का, आणि उभ्याने वाजवून बघ बसून पण. ६१ आकाराने चांगलीच मोठी आणि वजनाने जड आहे, एसटीत किंवा कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात तिला घेऊन फिरायचं म्हणजे सोबत माणूस लागेल.

एक मोठी गोष्ट, दोन्हींना बॅटरी नाही. आणि आत चक्क कॉम्प्युटर आहे, त्यामुळे लाईट एका क्षणासाठी गेली तरी मशीन बंद, आणि परत चालू होऊन प्रोजेक्ट लोड व्हायला वेळ जातो, तोपर्यंत निवेदकाने किती बोलायचं. पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. छोटा यूपीएस घे, मशीनसाठीच वेगळा, त्यावर अॅम्प लावू नकोस. जनरेटरवरचा कार्यक्रम असेल तर अर्थिंग बघूनच प्लग घाल. ऑटोसेव्ह चालू ठेव आणि तरीही प्रत्येक मोठ्या बदलानंतर नवीन नावाने सेव्ह कर. दुकानात सेव्ह करून बंद करून परत उघड म्हणालो ते यासाठीच, किती वेळ जातो तो स्वतः मोज, आणि पेन ड्राइव्हवरचे सॅम्पल परत सापडतात का तेही बघ. स्टेजवर न्यायचीच असेल तर गाण्यागणिक वेगळा प्रोजेक्ट ठेवू नकोस, एका प्रोजेक्टमध्ये गाणी सिक्वेन्स करून ठेव, १२८ पर्यंत जागा आहे.

खारी हवा आणि दमट, यावर उपाय एवढाच की मशीन वापरात ठेव. कपाटात पॅक करून आषाढापासून दिवाळीपर्यंत ठेवलेल्या वस्तूचे नॉब खरखरतात, जॅक काळे पडतात. अधूनमधून चालू कर, कव्हर घाल, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि त्या बदलत जा. जत्रेच्या दिवसात पहाटे दव पडतं तेव्हा उघड्या रंगमंचावर स्क्रीनवर कापड टाकून ठेव, ओल्या बोटाने टचस्क्रीन भलतंच काहीतरी उघडते.

दुसरे पर्याय पण सांगतो, नाहीतर म्हणशील एकाच कंपनीचं गुणगान गातो. रोलँडची फँटम-०६ बघ, २०२२ ची, तिलाही सोळा पॅड आहेत, सिक्वेन्सर आहे, आणि स्टेजवर आवाज बदलणं, कीबोर्ड स्प्लिट करणं हे एमपीसीपेक्षा फार सुटसुटीत आहे, पण सॅम्पल कापणं-जोडणं एमपीसीइतकं हाताशी नाही. एबलटन पुश ३ ची स्टँडअलोन आहे, तिला बॅटरी आहे, पण कीज नाहीत आणि तिची विचार करायची पद्धतच वेगळी. आणि खरं सांगू का, तुझ्याकडे स्टेजवरचा कीबोर्ड आहेच, तो मिडीने जोडला तर कीज नसलेली एमपीसी वन प्लसही तुझं काम करते, पैसेही कमी लागतात. कीजवाली घ्यायचं कारण एकच, टेबलावर एकच वस्तू, वायरी कमी, सुचलं की लगेच वाजवलं. हे कारण मला पटतं, मी स्वतः त्याच कारणाने ६१ वर आलो, पण माझ्याकडे स्टुडिओ आहे आणि ती जागेवरून हलत नाही.

तुझं काम बघता मी ३७ म्हणेन. माइकसाठी ऑर्केस्ट्राचा मिक्सर, स्टेजला जुना कीबोर्ड, त्याचेच टोन ऑटो सॅम्पल करून घरी. आणि पॅडवर तो तासभर वाजवून तुझ्या बोटांना पॅड आवडले नाहीत तर दोन्ही घेऊ नकोस, कारण कीज कशाही असल्या तरी या मशीनचं निम्मं काम पॅडवर आहे.

घेतलीस तर बिल भारतातल्या अधिकृत वितरकाच्या वॉरंटीचं घे, कुणी दुबईवरून आणून देतो म्हणाला तर स्वस्त दिसेल पण पॅड गेला तर इथे रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी उघडणारा नाही, कोल्हापूर नाहीतर मुंबईलाच धाडावी लागते. खोका आणि आतला थर्मोकोल फेकू नकोस. ३७ चा अॅडॉप्टर बाहेरचा असतो, त्याचा एक जादा तिथेच मागून ठेव, तो इकडे मिळत नाही.